संशोधन : एक साक्ष



आपल्या घरांतील मुलेमुली आज मोठ्या संख्येने महाविद्यालयात जात आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्यांना प्रकल्प करावा लागतो, एम.ए., एम.एस्सी.ला लघुप्रबंध लिहावा लागतो आणि काहीजण त्याही पुढे जाऊन पीएच.डी.साठी नाव नोंदवतात. परंतु हे सारे नेमके कशासाठी असते, याची स्पष्ट कल्पना घरातील वडीलधाऱ्यांना क्वचितच असते, आणि खरे सांगायचे तर अनेकदा विद्यार्थ्यांनाही नसते. परिणामी प्रकल्प ही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी, वर नाव बदलून आणि स्पायरल बांधणी करून सादर करायची वस्तू होऊन बसते. दुसरीकडे, त्याच घरातील मोबाइलवर ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे सांगणारे संदेश रोज येतात आणि क्षणार्धात पुढे पाठविले जातात. संशोधन या शब्दाला आपण किती स्वस्त केले आहे, हे या दोन गोष्टींवरून ध्यानात यावे.

म्हणून आजच्या पाठात आपण शैक्षणिक संशोधनाची मूलतत्त्वे समजून घेणार आहोत.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘संशोधन’ या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ हा धातू आहे. म्हणजे त्यात शोधण्याबरोबरच शुद्ध करणे, गाळून घेणे हा अर्थ आहे. आपण उर्दूत व अरबीत ज्याला ‘तहकीक’ म्हणतो, त्या शब्दाचे मूळ ‘हक्क’ हे आहे; म्हणजे जे सत्य आहे ते सत्य म्हणून प्रस्थापित करणे. दोन भाषांतील हे दोन शब्द एकाच कर्तव्याकडे बोट दाखवितात. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहाव्या आयतीचा आशय असा की, एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची नीट शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी तुम्ही कोणावर अन्याय कराल आणि मग पस्तावाल. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत त्याहून कठीण आज्ञा आहे. न्यायावर ठाम राहा व अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना, असा तिचा आशय आहे.

या दोन आयती एकत्र वाचल्या की संशोधकाचे काम काय, याचे उत्तर मिळते. संशोधक हा साक्षीदार असतो. न्यायाधीशासमोर उभा राहून जसे ‘मी हे पाहिले, हे ऐकले, आणि एवढेच मला ठाऊक आहे’ असे सांगावे, तसा प्रत्येक प्रबंध असतो. साक्षीदाराकडून जे जे अपेक्षित असते, ते सारे संशोधकाकडून अपेक्षित असते. आता एकेक पायरी पाहू. सोयीसाठी एक कल्पित उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू : तळोजे येथे राहणारी एक विद्यार्थिनी समाजशास्त्रात एम.ए. करीत आहे आणि तिला लघुप्रबंध लिहावयाचा आहे.

१. प्रश्न नेमका हवा

ही विद्यार्थिनी प्रथम ‘मुस्लिम समाज आणि शिक्षण’ असा विषय घेऊन येईल. विषय चांगला आहे, पण तो प्रश्न नाही. कोणता मुस्लिम समाज? कोणत्या गावचा? मुले की मुली? कोणत्या काळातील? समुद्र ओंजळीत मावत नाही. सहा महिन्यांत एका विद्यार्थिनीला जे खरोखर पाहता येईल, तेवढेच तिने हाती घ्यावे. ‘गेल्या पाच वर्षांत तळोज्यातील ज्या मुस्लिम मुलींनी दहावीनंतर शिक्षण थांबविले, त्यांनी ते कोणत्या कारणांनी थांबविले?’ हा प्रश्न आहे. त्यात स्थळ आहे, काळ आहे, माणसे आहेत आणि उत्तर शोधण्याची वाट आहे.

आणखी एक कसोटी लावावी. ज्याचे उत्तर आपण आधीच ठरविले आहे, तो प्रश्न नसतो. ‘गरिबीमुळेच आपल्या मुली मागे राहतात, हे सिद्ध करणे’ असा हेतू ठेवून जो घराबाहेर पडेल, त्याला सर्वत्र गरिबीच दिसेल. कारण गरिबी असू शकेल, कनिष्ठ महाविद्यालयाचे अंतर असू शकेल, लग्नाची घाई असू शकेल, किंवा मुलीला कोणी विचारलेच नाही हेही असू शकेल. उत्तर काहीही निघाले तरी ते स्वीकारण्याची तयारी असेल, तरच प्रश्न विचारावा.

२. शब्दांचे अर्थ आधी ठरवावेत

यासाठी आपल्या सर्वांशी संबंधित असे एक उदाहरण आहे. केंद्र शासनाने २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील मुस्लिमांच्या सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तोपर्यंत देशात एक समज पक्का होता की, मुस्लिम मुले मोठ्या संख्येने मदरशांतच शिकतात. समितीने उपलब्ध आकडेवारी तपासली, तेव्हा शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे तीन-चार टक्केच असल्याचे दिसले.

इतका मोठा गैरसमज कशामुळे झाला? समितीनेच त्याचे एक कारण सांगितले आहे : लोक ‘मकतब’ आणि ‘मदरसा’ यांत भेद करीत नाहीत. मोहल्ल्यातील मशिदीत सकाळ-संध्याकाळ तासभर कुरआन शिकायला जाणारे मूल दिवसा महानगरपालिकेच्या किंवा खासगी शाळेत असते. ते मकतबात जाते. मदरसा म्हणजे पूर्णवेळ धार्मिक शिक्षण देणारी, बहुधा निवासी संस्था. एका शब्दाची व्याख्या नीट न केल्याने लाखो मुलांविषयी चुकीचे चित्र उभे राहिले. म्हणून आपल्या विद्यार्थिनीने ‘शिक्षण थांबविणे’ म्हणजे काय, हे पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवावे. घरी बसून बाहेरून बारावीची परीक्षा देणारी मुलगी त्यात धरायची की नाही? शिवणकामाचा किंवा संगणकाचा अभ्यासक्रम करणारी? निर्णय कोणताही असो, तो वाचकाला सांगितलेला असावा.

३. आधी कोणी काय लिहिले आहे?

आपल्या आधी या वाटेने कोण गेले, हे पाहणे ही तिसरी पायरी. शिष्टाचार म्हणून तर ते करावेच, शिवाय त्याने श्रमही वाचतात. भारतीय विद्यापीठांतील हजारो पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालविते. महाराष्ट्रातील मुस्लिमांच्या स्थितीविषयी राज्य शासनाने २००८ साली नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगटाचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला. तोही आपल्या विद्यार्थिनीने पाहिला पाहिजे. परिसराचा जुना इतिहास हवा असेल तर ब्रिटिश काळातील ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर (१८८२) आणि कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर (१८८३) आहेत. मात्र ते राज्यकारभाराच्या सोयीसाठी अधिकाऱ्यांनी तयार केले होते, हे वाचताना विसरू नये. कोणी लिहिले व कशासाठी लिहिले, हे विचारल्याशिवाय कोणताही कागद पुरता वाचून होत नाही.

मराठीच्या अभ्यासकांनी या बाबतीत आपल्यासमोर मोठा आदर्श ठेवला आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसारख्या कवींकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले. करमाळ्यात जन्मलेले आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव पंथाच्या वाङ्मयाचा जन्मभर अभ्यास केला. एका हिंदू विद्वानाने मुस्लिम कवींची हस्तलिखिते धुंडाळावीत आणि एका मुस्लिम विद्वानाने महानुभावांच्या पोथ्या उलगडाव्यात, हे संशोधनाच्या क्षेत्रातच सहज घडते. तेथे माणसाची जात-जमात न पाहता त्याने काय तपासले आणि कसे तपासले, हे पाहिले जाते. आपल्या मुलामुलींना या परंपरेत मानाने उभे राहता येईल, एवढी जागा तिच्यात आहे.

४. उगमापर्यंत जावे

संशोधनाची साधने दोन प्रकारची असतात. घटनेच्या काळातील कागद, प्रत्यक्षदर्शीचे कथन, शासकीय नोंद, स्वतः केलेली पाहणी ही मूळ साधने होत. त्यांच्या आधारे दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक, लेख किंवा बातमी ही दुय्यम साधने होत. दुय्यम साधन उपयोगी असते, पण शक्य असेल तेथे उगमापर्यंत जाणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

आपल्या परंपरेत याचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) हे स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सहाबी. एक हदीस त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या मुखातून पोहोचली होती. ती प्रत्यक्ष प्रेषितांकडून ऐकणारे हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) त्या वेळी शाम देशात होते. जाबिर (रजि.) यांनी उंट खरेदी केला, महिनाभर प्रवास केला, त्यांचे दार ठोठावले आणि ती एक हदीस त्यांच्याच तोंडून ऐकली. दोघांपैकी कोणाचा मृत्यू व्हावा आणि ती ऐकायची राहून जावी, अशी त्यांना भीती वाटली होती. एका वाक्यासाठी एक महिन्याचा प्रवास! आणि आपण मात्र एखादे पुस्तक न उघडता त्याच्याविषयीच्या संदेशावर विसंबतो.

मूळ साधनाचे महत्त्व महाराष्ट्राने स्वतःच्या इतिहासातही अनुभवले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. पुढे भोर तालुक्यातील कारी येथील जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकट्या शकावलीवर विद्वानांनी विश्वास टाकला नाही. समकालीन कवी परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी सापडली आणि राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला पुष्टी दिली. १९६६ साली राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली आणि अखेर २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने अधिकृतपणे स्वीकारली. शकावली प्रसिद्ध झाल्यापासून पंचाऐंशी वर्षे! ज्यांच्याविषयी महाराष्ट्राला सर्वाधिक आदर आहे, त्यांच्या जन्मतारखेची चौकशी करण्यात कोणी अनादर मानला नाही. सत्य शोधणे हाही आदराचाच एक प्रकार आहे.

५. एका साक्षीला दुसरीची जोड

वरील उदाहरणात आणखी एक तत्त्व दडलेले आहे. एकमेकांशी संबंध नसलेली दोन-तीन साधने तेच सांगू लागतात, तेव्हा विश्वास दृढ होतो. हजरत उमर (रजि.) यांच्याकडे एकदा हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) आले, तीनदा आत येण्याची परवानगी मागितली आणि उत्तर न आल्याने परत फिरले. उमर (रजि.) यांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी प्रेषितांची (स.) तशी शिकवण असल्याचे सांगितले. उमर (रजि.) म्हणाले, यास दुसरा साक्षीदार आणा. तेव्हा हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी येऊन साक्ष दिली. पुढे उमर (रजि.) यांनी खुलासा केला की, अबू मूसांवर त्यांचा अविश्वास नव्हता, लोकांनी प्रेषितांच्या नावे वाटेल ते सांगू नये, एवढीच त्यांची काळजी होती. प्रामाणिक माणसालाही पुरावा विचारता येतो आणि विचारल्याने त्याचा अपमान होत नाही. आज विद्यापीठीय नियतकालिकांत लेख छापण्यापूर्वी तो त्या विषयाच्या इतर जाणकारांकडून तपासून घेतला जातो, त्यामागेही हाच विचार आहे. जे नियतकालिक पैसे घेऊन दोन दिवसांत काहीही छापते, तेथे ही साक्षच झालेली नसते. अशा ठिकाणापासून विद्यार्थ्यांनी दूर राहावे.

आता ही तपासणी प्रत्यक्षात कशी करतात, ते एका परिचित वचनावर पाहू. ‘ज्ञान मिळवा, मग त्यासाठी चीनला का जावे लागेना’ अशा अर्थाचे वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींवर, स्नेहसंमेलनांच्या भाषणांत आणि शैक्षणिक संस्थांच्या पत्रकांत प्रेषितांच्या (स.) नावाने सर्रास दिसते. हदीसशास्त्राचा अभ्यासक येथे दोन गोष्टी वेगळ्या करतो : ‘मतन’ म्हणजे वचनाचा मजकूर आणि ‘सनद’ म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे आले याची साखळी. या वचनाची प्रसिद्ध साखळी हजरत अनस (रजि.) यांच्यापर्यंत जाते, पण तिच्यात ‘अबू आतिका’ नावाचा रावी, म्हणजे कथन करणारा आहे. इमाम बुखारी (रह.) यांनी त्याला अविश्वसनीय ठरविले आहे. इमाम बैहकी (रह.) यांनी म्हटले की, मजकूर प्रसिद्ध असला तरी सनद दुर्बल आहे. इब्ने हिब्बान (रह.) यांनी ते निराधार ठरविले आणि इब्नुल जौजी (रह.) यांनी बनावट हदीसींच्या आपल्या संग्रहात त्याचा समावेश केला.

कोणी म्हणेल, अर्थ तर चांगला आहे, मग बिघडले कुठे? अर्थ चांगला आहेच; ज्ञानासाठी दूर जाणे स्तुत्यच आहे. पण ‘हे चांगले आहे’ आणि ‘हे प्रेषितांनी (स.) म्हटले आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्या विधानाला पुरावा लागतो. प्रेषितांवर (स.) जाणूनबुजून असत्य लादणाऱ्याचे ठिकाण नरकात आहे, हा इशारा अत्यंत विश्वसनीय साखळ्यांनी आपल्यापर्यंत आलेला आहे. त्यापुढे सुविचाराचा मोह आवरलाच पाहिजे. ज्ञानप्राप्ती प्रत्येक मुस्लिमावर अनिवार्य आहे, ही इब्ने माजामधील हदीस अनेक विद्वानांनी विविध सनदींचा एकत्र विचार करून स्वीकारली आहे; शाळेच्या भिंतीवर लिहायचेच असेल तर ती आहे.

६. माणसांकडून माहिती घेताना

आपल्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिला कागदांबरोबर माणसांकडेही जावे लागेल. समजा, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या भावाने पन्नास पुरुषांना प्रश्न विचारून उत्तरे भरून आणली. त्यातून काय कळेल? मुलींनी शिक्षण का थांबविले, याविषयी पुरुषांना काय वाटते, एवढेच. ज्यांच्याविषयी प्रश्न आहे, त्या मुलींचा एकही शब्द त्यात नसेल. साक्ष ज्याची, त्याच्याकडूनच ती घ्यावी लागते. तसेच, फक्त ओळखीच्या घरी जाऊन भागणार नाही. जुन्या गावठाणातील घर, नव्या इमारतीतील घर, भाड्याच्या खोलीतील घर, सर्वांपर्यंत पोहोचावे लागेल. जनगणनेचे आकडे वापरताना वर्षाकडे लक्ष द्यावे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे बहुतेक अभ्यासांत २०११ चेच आकडे येतात. त्यानंतर या परिसरात किती वस्ती वाढली, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आणि जे ऐकले, ती अमानत आहे. एखादी मुलगी विश्वासाने सांगेल की, वडिलांनी भावाची फी भरली, तिची भरली नाही. हे वाक्य प्रबंधात येऊ शकते, पण तिचे नाव, इमारत, वडिलांचा व्यवसाय येता कामा नये. विचारण्यापूर्वी तिची व आवश्यक तेथे पालकांची संमती घ्यावी, आणि नको वाटल्यास उत्तर न देण्याची मोकळीक द्यावी. गीबतीविषयी आपल्याला जी ताकीद आहे, ती प्रबंध लिहिताना स्थगित होत नाही.

७. ज्याचे त्याला द्यावे

दुसऱ्याचे वाक्य, आकडा, नकाशा किंवा कल्पना वापरली तर त्याचे नाव सांगणे, हा संशोधनाचा मूलभूत नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी विनियम केले. नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणे वगळता प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून प्रबंध पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. आणि साठ टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते.

पण टक्केवारी हा शेवटचा निकष मानू नये. साम्य मोजणाऱ्या संगणकाला शब्द बदलून चकविता येईल, अल्लाहला नाही. विकत घेतलेल्या किंवा यंत्राकडून लिहून घेतलेल्या प्रबंधावर स्वतःचे नाव घालणे म्हणजे जे आपण पाहिले नाही त्याची साक्ष देणे होय. यंत्र कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही संदर्भ म्हणून देते. तो संदर्भ जो न उघडता उतरवून घेतो, तो खोट्या साक्षीत सामील होतो. अशा पदवीवर पुढे नोकरी आणि वेतन मिळते, तेव्हा त्या कमाईविषयी कोणता प्रश्न उभा राहतो, याचा प्रत्येक पालकाने विचार करावा. आपल्या पूर्वजांनी एका हदीसीबरोबर पाच-सहा जणांची नावे तोंडपाठ ठेवली. आपण एका परिच्छेदाखाली एक नाव लिहिण्याचा कंटाळा करतो.

८. निष्कर्ष आणि त्याची मर्यादा

शेवटची पायरी सर्वांत कठीण. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या मुलींनी शिक्षण सोडले त्यांची घरे महाविद्यालयापासून दूर आहेत, असे आढळले तरी तेवढ्यावर ‘अंतर हेच कारण’ असे म्हणता येणार नाही. तेवढ्याच अंतरावरून रोज जाणाऱ्या मुली किती, हे पाहावे लागेल. आणि तळोज्यातील चाळीस घरांवरून साऱ्या महाराष्ट्राविषयी बोलता येणार नाही. इमाम मालिक (रह.) यांना एका प्रसंगी अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी बत्तीस प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. मदीनेच्या इमामांना जे म्हणण्याची लाज वाटली नाही, ते म्हणण्याची लाज एम.ए.च्या विद्यार्थ्याने का बाळगावी? आपले विद्वान फतव्याच्या अखेरीस ‘वल्लाहु आलम’ लिहितात. प्रबंधातील ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हे प्रकरण त्याच नम्रतेचे विद्यापीठीय रूप समजावे. अल्लाहची वह्य अढळ आहे; माणसाचा निष्कर्ष मात्र नवा पुरावा आला की बदलू शकतो, आणि बदललाच पाहिजे.

आता ती कठीण आयत पुन्हा आठवू : साक्ष आप्तांच्या विरुद्ध गेली तरी द्या. समजा, आपल्या विद्यार्थिनीला असे आढळले की, काही घरांत पैसा होता, महाविद्यालय जवळ होते, मुलगी हुशार होती, आणि तरीही तिला थांबविले गेले. गावातील कोणी म्हणेल, ‘हे लिहू नकोस, आपल्या समाजाची बदनामी होईल, बाहेरचे लोक याचा गैरवापर करतील.’ ही भीती निराधार नाही. आपल्याविषयी पूर्वग्रह बाळगणारे आहेत, हे आपण जाणतो. परंतु लपविलेला रोग बरा होत नाही, आणि त्या मुलींवर झालेला अन्याय गप्प राहिल्याने न्याय ठरत नाही. त्याचबरोबर, ज्या घरांनी कर्ज काढून मुलींना शिकविले, तीही तिने तितक्याच ठळकपणे लिहावीत. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत कोणाच्या वैरापोटीही न्याय सोडू नका अशी आज्ञा आहे, आणि निसाच्या आयतीत आपलेपणापोटीही सोडू नका अशी. संशोधकाला या दोन कुंपणांमधून चालावे लागते.

वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द

मूल लहान असतानाच या सवयी लावता येतात. मोबाइलवर काही आले तर ‘हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? दुसरे कोणी सांगते का?’ हे तीन प्रश्न घरात मोठ्याने विचारावेत. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे. मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी विकतचा तक्ता मागितला तर तो आणून देण्याऐवजी त्याला आजोबांसमोर वही घेऊन बसवावे : सिडको १९७० साली स्थापन झाली, त्यापूर्वी आपले गाव कसे होते, शेती कोणाची होती, मशिदीचे बांधकाम कोणी केले? मग तेच शेजारच्या आजींना विचारावे आणि जेथे दोघांचे सांगणे जुळत नाही, तेथे खूण करावी. जमल्यास जुना सातबारा किंवा मशिदीवरील शिलालेख पाहून यावे. त्या चार पानांच्या वहीत प्रश्न, मूळ साधन, पडताळणी आणि श्रेय हे सारे आले. आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने वा मुलाने प्रबंधासाठी वेळ मागितला, ग्रंथालयात जाण्याची परवानगी मागितली, तर ‘तयार मिळतो, तो घेऊन टाक’ असे म्हणू नये. ते वाक्य म्हणणारा बाप आपल्याच अपत्याला खोटी साक्ष शिकवीत असतो.

श्रवण, दृष्टी आणि हृदय या सर्वांविषयी माणसाला जाब विचारला जाईल, असे सूरह इस्राच्या ३६व्या आयतीत बजावले आहे. संशोधन करताना हीच तीन साधने आपण वापरतो. अल्लाह आपल्याला ऐकलेले तपासण्याची, पाहिलेले जसेच्या तसे सांगण्याची आणि सत्य आपल्या विरुद्ध गेले तरी ते स्वीकारण्याची शक्ती देवो. आमीन.